शंभरावा फ्रीज

मार्च महिन्याची सव्वीस तारीख, बुधवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. जमा झालेले जुने फ्रीज नव्याण्णव, हवे असलेले शंभर. वीज कंपनीच्या बचत विभागाचे पर्यवेक्षक एका शिंप्याच्या घरी उभे राहून शंभराव्या फ्रीजमध्ये डोकावत होते. आत वरच्या कप्प्यात अस्तराचे कापड होते, मधल्या कप्प्यात चेनच्या लडी होत्या आणि भाजीच्या ट्रेमध्ये गुंड्या रंगवार लावून ठेवल्या होत्या.

"हा चालू आहे ना?" पर्यवेक्षकांनी विचारले.

"आहे की. रोज वापरतो," शिंपी म्हणाला. "दार असं घट्ट बसतं की कपड्याला कसर म्हणून लागत नाही."

"विजेवर चालू आहे का, म्हणतो मी."

"विजेवर होय? ते बंद करून झाली सहा वर्षं. फार वीज खायचा हो."

पर्यवेक्षकांनी दार हलक्या हाताने लावले. वीज वाचवण्याच्या बाबतीत हा गृहस्थ कंपनीच्या सहा वर्षे पुढे होता आणि नेमका त्याच कारणाने योजनेत बसत नव्हता.

योजना अशी होती. सरकारने नवे धोरण काढले होते. वीज कंपन्यांनी यापुढे नुसती वीज विकून भागणार नव्हते. दर वर्षी काही रक्कम लोकांची वीज वाचवण्यात घालणे त्यांना बंधनकारक झाले होते, आणि घातलेल्या रकमेपेक्षा वाचलेल्या विजेचे मोल जास्त भरले पाहिजे, अशी वर ताकीद होती. लोकांचे केस वाढूच नयेत म्हणून न्हाव्यानेच घरोघर औषध वाटावे, तसा हा प्रकार. कंपनीने पुष्कळ दिवस डोके खाजवले आणि अखेर बचत विभाग काढला. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट आणि पर्यवेक्षक एवढ्यांची भरती झाली. पहिल्या वर्षाचे काम ठरले ते असे: वीस वर्षांपेक्षा जुने शंभर फ्रीज गोळा करून मोडीत काढायचे आणि त्यांच्या बदल्यात कमी वीज खाणारे नवे द्यायचे. जुना फ्रीज मात्र चालू असला पाहिजे आणि चोवीस तासांत त्याने किमान दीड युनिट खाल्ले पाहिजे, अशी अट होती. तीही रास्तच. बंद पडलेला फ्रीज मोडीत काढून वीज वाचवणे म्हणजे मेलेल्या माणसाला उपास घडवून धान्य वाचवण्यासारखे झाले असते.

पर्यवेक्षकांनी जिन्यात उभे राहून मुख्य अभियंत्यांना फोन लावला.

"साहेब, शिंप्याचा बाद झाला."

"म्हणजे आता किती?"

"नव्याण्णव."

"नव्याण्णव म्हणजे शून्य," मुख्य अभियंता म्हणाले. "योजनेत शंभरचा आकडा आहे. शुक्रवारी दुपारी बाराला यादी बंद. शंभर भरले तर तुमचा विभाग पुढच्या वर्षी चालू. नाही भरले तर विभाग बंद आणि तुम्ही परत तक्रारीच्या फोनवर. तुमची खुर्ची तशीच ठेवलीय तिथं. दुसरं कुणी बसायला तयार नाही."

त्या खुर्चीवर पर्यवेक्षकांनी अकरा वर्षे काढली होती. दिवसाला सरासरी सत्तर माणसांच्या शिव्या ऐकून त्यांनी प्रत्येकाला क्रमांक दिला होता. त्या अकरा वर्षांची सवय अशी की घरी बायकोने दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी त्यांच्या तोंडून "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढेच निघे, आणि त्यापायी घरात जे रामायण व्हायचे त्याला क्रमांक नसे. निवृत्तीला दोन वर्षे चार महिने उरले होते. ते दिवस फ्रीज मोजत जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

वीस वर्षांपेक्षा जुना, चालू आणि खादाड असा फ्रीज एका दिवसात कुठून आणायचा? पर्यवेक्षकांनी मनातल्या मनात साऱ्या नातेवाइकांची स्वयंपाकघरे तपासली आणि ते थोरल्या बहिणीच्या घरी जाऊन थांबले.

ताई दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत. चौतीस वर्षे शाळेत शिकवून, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण निवृत्ती फक्त शाळेने घेतली होती, ताईंनी नव्हे. त्यांचा फ्रीज सत्तावीस वर्षांचा होता. तो सुरू झाला की आधी एक हुंकार देई, मग त्याच्यावर ठेवलेल्या कपबश्या वाजू लागत, आणि त्या आवाजाने भावोजींची दुपारची झोप मोडे.

"ताई, तुझा फ्रीज मला दे," पर्यवेक्षक म्हणाले.

"आणि दूध कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"अगं, बदल्यात नवा मिळेल. फुकट."

"कंपनी फुकट देतेय म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. हा काय वाईट आहे?"

"तो वीज किती खातो ठाऊक आहे तुला?"

"बारक्या, तू सुट्टीला माझ्याकडे यायचास तेव्हा जे खायचास, त्यापुढे काही नाही."

छप्पन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या पर्यवेक्षकांना बारक्या म्हणणारी जगात आता एवढीच एक व्यक्ती उरली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खरी गोष्ट सांगितली: शंभराचा आकडा, शुक्रवारचे बारा, तक्रारीचा फोन. ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढला. चष्मा काढणे हे त्यांच्या बाबतीत मन द्रवल्याचे लक्षण होते. शाळेत तो प्रसंग नऊ वर्षांत दोनदाच आला होता.

"ने," त्या म्हणाल्या. "पण नवा आल्याशिवाय जुना हलणार नाही. दूध नासलं तर तुझ्या नावावर."

"नव्याचा आवाज येतो का?" कोचावरून भावोजींनी विचारले.

"अजिबात नाही, भावोजी."

"मग मला उठवणार कोण?"

गुरुवारी सकाळी अकराच्या ठोक्याला वीज कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाच्या पडताळणी अधिकारी आल्या. तिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात छापील तक्त्यांची जाड वही. कंपनीने केलेली बचत खरोखर झाली की नुसती कागदावर, हे पाहणे त्यांचे काम होते आणि आपल्या कामावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. त्यांनी भिंतीवरच्या प्लगमध्ये डबीएवढे मोजणीयंत्र बसवले, त्यात फ्रीजची पिन खुपसली आणि यंत्राला लाखेचा शिक्का मारला.

"उद्या सकाळी अकरापर्यंत हे मोजत राहील," त्या म्हणाल्या. "दीड युनिट भरलं की फ्रीज पात्र."

फ्रीजने हुंकार दिला, कपबश्या वाजल्या. यंत्रावरचा आकडा ज्या वेगाने पुढे सरकत होता, तो पाहून पर्यवेक्षकांना आपल्या आयुष्याची दोन वर्षे चार महिने सुखात गेलेली दिसू लागली. मुख्य अभियंत्यांना ही वार्ता कळवायला ते गॅलरीत गेले. तेवढ्यात इकडे स्वयंपाकघरात वेगळेच घडले. अधिकारी तक्ता भरत होत्या आणि ताई समोर उभ्या होत्या. समोरच्याने लिहिलेले उलट्या बाजूने वाचणे ही शिक्षकाची जन्माची खोड.

"हे काय लिहिलंत? असमाधानकारक?"

"स्वच्छतेचा रकाना आहे, बाई. भरावाच लागतो."

"माझा फ्रीज आतून रोज पुसला जातो."

"आतून चांगलाय. मागच्या बाजूला मी बोट फिरवलं, तर मला बोट दिसेना."

ताईंनी तक्त्याकडे बोट दाखवले. "हा कागद पुढे कुठे जातो?"

"आयोगाकडे. मग संग्रहात."

"किती वर्षं राहतो?"

"कायमचा."

चौतीस वर्षे ताईंनी दुसऱ्यांच्या वह्यांवर हा शेरा मारला होता. तो आपल्या नावापुढे, सरकारी संग्रहात, अनंतकाळ राहणार, हे त्यांना मानवणे शक्य नव्हते.

"उद्या पुन्हा शेरा लिहाल?"

"लिहीन ना. फ्रीज नेतानाची स्थिती, तो वेगळा रकाना आहे."

"बरं," ताई म्हणाल्या.

पर्यवेक्षक गॅलरीतून परतले ते हसतच. निघताना त्यांनी बजावले, "ताई, चोवीस तास त्या यंत्राला हात लावायचा नाही हं." ताईंनी मान हलवली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना त्या चौतीस वर्षे जशी मान हलवत आल्या होत्या, अगदी तशी.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर साडेपाचला पर्यवेक्षक सहज म्हणून डोकावले, तो फ्रीज स्वयंपाकघराच्या मधोमध उभा. दार सताड उघडे, आतले बर्फ वितळून परातीत जमा झालेले, दूध आणि भाजी बाहेर ओट्यावर, आणि ताई पदर खोचून साबणाच्या पाण्याने दाराची रबरी पट्टी घासत होत्या.

"ताई, हे काय केलंस? हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"यंत्राला लावलेला नाही. त्यातून पिन तेवढी काढली, चार वाजता."

पर्यवेक्षक तंत्रविद्यालयात शिकलेले होते. घाबरण्याआधी हिशेब करायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेले. यंत्रावर पाच तासांचे अर्धे युनिट दिसत होते. म्हणजे तासाला दहा शतांश. दोन-अडीच तास बंद राहिला तरी उरलेल्या वेळात दोन युनिट कुठे गेली नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काही हरकत नाही," ते म्हणाले.

"हरकत कशाला असेल? हा घे ब्रश. पाठीमागून तू घास, माझी कंबर धरते."

इथे पर्यवेक्षकांनी नाही म्हणायला हवे होते. परंतु फ्रीजच्या मागच्या जाळीवर सत्तावीस वर्षांची धूळ पांघरूण घेतल्यासारखी बसली होती, आणि अशी जाळी पाहून ज्याचे हात शिवशिवत नाहीत त्याने तंत्रविद्यालयाची पदवी परत करावी, असे त्यांचे मत होते. त्यांनी बाह्या सरसावल्या. जाळी एकेक तार करून ब्रशने झाडली. दाराची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात सुटली होती. ती गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ केली, तिला पेट्रोलियम जेलीचा हात दिला आणि दारात कागद धरून ओढून पाहिला. कागद फाटला, पण सुटला नाही. पर्यवेक्षक लहान मुलासारखे हसले. मग त्यांचे लक्ष आतल्या बटणाकडे गेले.

"हे सातवर कुणी ठेवलं?"

"मी," भावोजी म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी. उन्हाळा होता."

"आणि परत खाली आणलं नाहीत?"

"उन्हाळा परत येणारच होता."

पर्यवेक्षकांनी बटण तीनवर आणले. फ्रीज भिंतीला चिकटून असे, तो चांगला वीतभर पुढे घेतला. सहा वाजता पिन बसवली. पूर्वी हुंकार यायचा तिथे नुसती एक बारीक गुणगुण आली. कपबश्या हलल्यासुद्धा नाहीत. ताईंनी पाठीमागे बोट फिरवले, ते दिव्याखाली धरले, आणि समाधानाने चहा टाकला. पर्यवेक्षक चहा पिऊन शीळ घालत घरी गेले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या हातून एक यंत्र दुरुस्त झाले होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, उजव्या गालाची दाढी करून झाली असताना आणि डाव्या गालावर फेस असताना, पर्यवेक्षकांचा हात थांबला. जाळी साफ. पट्टी घट्ट. बटण तीनवर. मागे हवेला जागा. वर्षभर घरोघर वाटलेल्या "फ्रीज कमी वीज कसा खाईल" या पत्रकात त्यांनी स्वतः लिहिलेले चारही उपाय त्यांनी काल एका बैठकीत, ज्या एकमेव फ्रीजने आज जास्त वीज खायला हवी होती, त्याच्यावर करून टाकले होते.

साडेसातला ते ताईंच्या दारात होते. दार भावोजींनी उघडले.

"ताई कुठे?"

"फिरायला गेली. तिथून वाचनालयात. साडेदहाशिवाय येत नाही. तुझी अर्धी दाढी राहिलीय."

पर्यवेक्षक थेट यंत्रापाशी गेले. एक पूर्णांक सहा शतांश. काल संध्याकाळी थंड होण्यापुरता फ्रीजने थोडा जोर केला होता, आणि मग आठ वाजल्यापासून तो तासाला फक्त तीन शतांशांवर, एखाद्या योग्यासारखा, ध्यान लावून बसला होता.

"रात्रभर कपबश्या वाजल्या नाहीत," भावोजी म्हणाले. "मला झोपच लागली नाही."

पर्यवेक्षकांनी खिशातला कागद काढून ओट्यावर हिशेब मांडला. दीडला कमी पडत होते चव्वेचाळीस शतांश. हातात होते साडेतीन तास. कंप्रेसर एकशे पंचवीस वॅटचा, आतला दिवा पंधराचा. दोन्ही एक क्षणही न थांबता चालले तर साडेतीन तासांत एकोणपन्नास शतांश. म्हणजे जमत होते, पण पाच शतांशांच्या जिवावर. फ्रीज थांबू द्यायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, एवढेच काम होते.

"भावोजी, खुर्ची घ्या आणि हे दार उघडं धरून बसा."

"किती वेळ?"

"अकरापर्यंत."

भावोजींनी खिशातून एक घडी केलेले पत्रक काढले. कोड्यांची उत्तरे लिहायला ते त्याचा पाठकोरा भाग वापरत. "यात तर लिहिलंय, दार उघडा, वस्तू घ्या, दार लावा. खाली तुझी सही आहे."

"ते इतरांसाठी. तुम्ही धरा."

"भर उन्हाळा असता तर मी हौसेनं धरलं असतं," असे म्हणून भावोजी बसले.

पर्यवेक्षकांनी बटण सातवर फिरवले. दूध-भाजी बाहेर काढली, आणि घरात होती नव्हती तेवढी पातेली पाण्याने भरून शेगडीवर चढवली. पाणी उकळले की पातेले फ्रीजमध्ये. जरा कोमट झाले की बाहेर काढून पुन्हा शेगडीवर. सात पातेली, चार शेगड्या आणि तीन कप्पे यांचे वेळापत्रक त्यांनी कागदावर बसवले आणि ते काटेकोर पाळले. फ्रीज बिचारा आपल्या परीने लढत होता. त्याने इतक्या वर्षांत लोणी पाहिले होते, लिंबे पाहिली होती. उकळते पाणी गार करायला त्याला कधी कुणी सांगितले नव्हते.

"मला एक सांग," नऊच्या सुमारास भावोजींनी विचारले. "तुझा विभाग बचतीचाच ना?"

"हो."

"नाही, आपलं खात्री करून घेतली."

वाफेने खिडकीच्या काचा धुरकटल्या. पर्यवेक्षकांच्या डाव्या गालावरचा वाळलेला फेस पुन्हा ओला झाला. सव्वादहाला यंत्रावर एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश दिसले. उरले फक्त सहा शतांश, आणि वेळ पाऊण तास. पर्यवेक्षकांनी कपाळ पुसले. त्याच वेळी फ्रीजच्या पोटातून टक असा आवाज आला आणि गुणगुण थांबली.

"थांबला," भावोजी म्हणाले.

"तापला. आपोआप बंद झाला. गार झाल्याशिवाय सुरू व्हायचा नाही."

"मग गार पाणी ओतू का? आपल्याकडे गार असं काहीच उरलेलं नाही म्हणा."

आता राहिला होता दिवा. पंधरा वॅटचा दिवा पाऊण तासात एक शतांशाच्या वर जात नाही, हे पर्यवेक्षकांना कागद न घेताही कळत होते. तरी ते त्या दिव्याकडे आशेने पाहत राहिले. भावोजी दार धरून बसलेले, सात पातेली वाफाळत असलेली, पर्यवेक्षक फ्रीजपुढे गुडघे टेकून बसलेले, अशा स्थितीत दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली आणि ताई आत आल्या. त्यांच्यामागून पडताळणी अधिकारी. दोघींची जिन्यातच गाठ पडली होती आणि फ्रीजची नवी स्थिती पाहण्याच्या उत्सुकतेने ताई त्यांना घेऊनच आल्या होत्या.

काल घासून लखलखीत केलेल्या कप्प्यांवरून पाणी ठिबकत होते.

"मी फक्त दार धरलंय," भावोजी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी यंत्राचे एक बटण दाबले. यंत्र तासातासाची नोंद ठेवत होते, ही गोष्ट पर्यवेक्षकांना ठाऊक असायला हवी होती. गेल्या नव्याण्णव वेळा ती त्यांनीच लोकांना समजावून सांगितली होती.

"काल अकरा ते चार, तासाला दहा शतांश," अधिकारी वाचू लागल्या. "चार ते सहा, शून्य. सहा ते आठ मिळून बावीस. आठपासून आज सकाळपर्यंत तासाला तीन. आणि साडेसातपासून एकदम चौदा, चौदा, चौदा." त्यांनी मान वर केली. "साडेसातला काय झालं?"

"साडेसातला हा आला," भावोजी म्हणाले.

"बारक्या," ताई म्हणाल्या, "उभा राहा आणि खरं काय ते सांग."

पर्यवेक्षक उभे राहिले. त्यांनी शिंप्यापासून सुरुवात केली आणि सातव्या पातेल्यापर्यंत काहीही न गाळता सगळे क्रमवार सांगितले. शेवटी म्हणाले, "दीड युनिट भरलं नाही, आणि भरलं असतं तरी ते खरं नव्हतं. फ्रीज अपात्र. तसं लिहा."

"लिहितेच," अधिकारी म्हणाल्या आणि लिहू लागल्या. पण त्या लिहीत राहिल्या. पान उलटले, मागचा तक्ता काढला, पर्यवेक्षकांचाच कागद उलटा करून त्यावर गुणाकार केला.

"हा फ्रीज दिवसाला दोन पूर्णांक चाळीस युनिट खात होता. तुम्ही घासल्यावर बहात्तर शतांश. आणि तुम्ही देणार तो नवा फ्रीज सत्तर शतांश खातो. म्हणजे बदलून वाचणार दोन शतांश. घासून वाचले एक पूर्णांक अडुसष्ट. घासायला खर्च किती आला?"

"काही नाही. ब्रश घरचाच होता."

"काही नाही असं लिहिता येत नाही. वाचलेल्या विजेला खर्चानं भागायचं असतं, आणि शून्यानं—"

"शून्यानं भागायचं नसतं," ताई म्हणाल्या. "आमच्या पाचवीतल्या पोरांना कळतं ते. त्याचे दोन तास लावा मजुरीचे. तेवढीच त्याची किंमत होऊ दे."

दोन तासांची मजुरी लावली. भागाकार झाला. अधिकाऱ्यांनी उत्तर दोनदा तपासले, मग यादीतल्या नव्याण्णव घरांच्या उत्तरांशी ताडून पाहिले. ते उत्तर त्यांतल्या सर्वांत चांगल्या घराच्या एकतीस पट होते.

अकराला मुख्य अभियंत्यांचा फोन आला. "शंभर झाले का?"

"नाही, साहेब. फ्रीज नव्याण्णवच," पर्यवेक्षक म्हणाले आणि पुढचे ऐकण्यासाठी त्यांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मंजूर योजनेत शंभर फ्रीज असं लिहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "शंभर घरांतली वीज वाचवणे, असं आहे. फ्रीज हा शब्द तुमच्या कचेरीनं आपल्या मनानं घातला. मूळ कागद वाचलात का?"

सरकारी कागद मुळातून वाचण्याची प्रथा कंपनीत नव्हती. त्याचा एका पानाचा सारांश निघे, त्या सारांशाचे परिपत्रक निघे, आणि परिपत्रक पाहून सगळे कामाला लागत.

"म्हणजे शंभर धरायचे?" मुख्य अभियंत्यांनी चाचरत विचारले.

"नव्याण्णव बदली, एक दुरुस्ती. शंभर घरं. यादी पूर्ण. मात्र धोरणातलं आणखी एक कलम आहे. स्वस्त उपाय हाताशी असताना महागाचा करता येत नाही. पुढच्या वर्षी आधी घासायचं, मग मोजायचं, आणि त्यानंतरही गरज उरली तरच नवा द्यायचा. विभाग तर राहीलच. पण त्याला टेबल-खुर्चीवर बसता येणार नाही. घरोघर जावं लागेल."

पर्यवेक्षकांनी डोळे उघडले. तक्रारीचा फोन टळला होता. तो कशाच्या बदल्यात टळला, हे उमजायला आणखी थोडा वेळ लागणार होता.

"एकच अडचण आहे," अधिकारी वही मिटताना म्हणाल्या. "लोक पत्रक घेतात आणि घासत नाहीत. त्यांना घासायला लावणारं कुणीतरी बरोबर हवं. आयोग अशा कामाला मानद मार्गदर्शक नेमतो."

ताईंनी पदर सावरला, चष्मा लावला आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. "पर्यवेक्षक कुणाच्या हाताखाली असतात मग?"

"मार्गदर्शकांच्या."

"बरं," ताई म्हणाल्या. "बारक्या, आधी ती पातेली उचल. मग आरशात बघून ये."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून सकाळी नऊला दोघे निघू लागले. ताई पुढे, हातात वही. पर्यवेक्षक मागे, हातात ब्रश, गरम पाण्याचा थर्मास आणि पेट्रोलियम जेलीची डबी. ताई दाराची घंटा वाजवत, सरळ स्वयंपाकघरात जात, फ्रीजच्या मागे बोट फिरवत आणि ते घरमालकाच्या नाकासमोर धरत. एक शब्दही बोलावा लागत नसे. डॉक्टर, दुकानदार, एक निवृत्त न्यायाधीशसुद्धा, मुकाट्याने बाह्या सरसावत. एका घरी तर मालक फ्रीज घासून झाल्यावर हात मागे बांधून उभा राहिला आणि शेरा काय मिळतो याची वाट पाहू लागला. तो ताईंच्याच शाळेत शिकला होता असे नाही, पण शाळेत गेलेला होता.

जूनअखेर पर्यवेक्षकांनी आयोगाकडे तिमाही अहवाल पाठवला. तो एका पानाचा होता आणि त्याखाली मार्गदर्शकांची सही होती. भेट दिलेली घरे: सहाशे बेचाळीस. दिवसाला वाचलेली वीज: सातशे अठरा युनिट. नवा फ्रीज द्यावा लागलेली घरे: एकवीस.